ब्रेक नाही? मग बसने या!

मंडळी, पुढच्या रविवारी इथे लंडनमध्ये आम्हा आठ-दहा मित्रांची फिक्स्ड गिअर सायकलींची छोटीशी जत्रा भरवतोय. फी नाही, बिल्ले नाहीत. पाय न टेकता जागच्या जागी सायकल तोलून धरायची स्पर्धा, मग एक रपेट आणि शेवटी पोहे. नियम एकच: पुढचा ब्रेक हवा.

यावरून जुंपली आहे! या सायकलीला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, त्यामुळे पेडल उलटं रेटून वेग कमी करता येतो. मग ब्रेक कशाला, मजा जाते म्हणे. हर्न हिलच्या ट्रॅकवर (१८९१चा, १९४८च्या ऑलिंपिकच्या शर्यती तिथेच झाल्या) हे मान्य. तिथे सगळे एकाच दिशेने जातात. कुणी अचानक ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर आदळतील. रस्त्यावर मात्र समोर माणूस येतो. आणि थांबताना सगळा भार पुढे जातो, मागचं चाक नुसतं घसरतं.

२०१६ साली याच शहरात पुढचा ब्रेक नसलेल्या अशा सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी दोन मुलांची आई गेली. चालवणारा १८ वर्षांचा. २०१७मध्ये त्याला दीड वर्षाची कैद झाली, तीही १८६१च्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली.

इथला कायदाही पुढचा ब्रेक मागतोच. पण आमच्या पोह्यांना पोलीस थोडेच येणार? मित्राला नाही म्हणायचं ते यजमानानेच. (आई, माझ्या सायकलीला आहे गं ब्रेक!)

असो. ब्रेक नसणाऱ्यांचेही पोहे भिजवणार आहे.