हिरवळ आणि हिरवी सतरंजी

ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात भरली होती. फिफाची कोणतीही स्पर्धा भारताने भरविण्याची ती पहिलीच वेळ. ब्राझील विरुद्ध इंग्लंड हा उपांत्य सामना २५ तारखेला गुवाहाटीत व्हायचा होता. त्याआधी चारच दिवस तेथे माली आणि घाना यांच्यातील उपउपांत्य सामना भर पावसात खेळविला गेला. चेंडू पाण्यात अडकत होता, खेळाडू घसरत होते आणि सामना संपला तेव्हा मैदानाची पार चाळण झालेली होती. अखेर अवघ्या दोन दिवसांच्या अवधीत तो उपांत्य सामना कोलकात्याच्या विवेकानंद युवा भारती क्रीडांगणावर हलवावा लागला. बंगाली रसिकांनी एवढ्या अल्प मुदतीतही साठ हजारांहून अधिक संख्येने हजेरी लावली. इंग्लंडने ३-१ असा विजय मिळविला. गुवाहाटीचे प्रेक्षक मात्र आपल्या अंगणात आलेल्या पाहुण्याला न पाहताच राहिले.

या घटनेची तेव्हा बातमी झाली, चर्चा फारशी झाली नाही. आपल्याकडे क्रीडांगण म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या प्रेक्षकांच्या गॅलऱ्या, प्रकाशझोतांचे मनोरे आणि उद्घाटनाची कोनशिला. ज्या मातीवर बावीस खेळाडू दीड तास धावणार, ती माती कोणत्या प्रतीची आहे, तिच्याखाली पाण्याचा निचरा कसा होतो, तिची निगा कोण राखतो, हे प्रश्न सर्वांत शेवटी येतात. बहुधा येतच नाहीत. आणि त्यांची किंमत मोजतो तो खेळाडू, स्वतःच्या गुडघ्याने आणि घोट्याने.

ज्या कोलकात्याने त्या वेळी लाज राखली, त्या कोलकात्याची कथाही बोधप्रद आहे. सॉल्ट लेकच्या याच क्रीडांगणावर काही वर्षे कृत्रिम गवताचे आच्छादन होते. २ सप्टेंबर २०११ रोजी मेस्सीचा अर्जेंटिना संघ व्हेनेझुएलाविरुद्ध याच प्लास्टिकच्या हिरवळीवर खेळला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिला सामनाही त्यावरच झाला. पुढे विश्वचषकाचे यजमानपद हवे असेल तर हे आच्छादन काढा, अशी वेळ आली, तेव्हा ते उखडून बर्म्युडा जातीचे खरे गवत लावण्यात आले. म्हणजे आपल्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मुलांसाठी जी सतरंजी चालत होती, ती परदेशी पाहुण्यांसाठी चालेना! जे जगातील कुमारांच्या पायांसाठी योग्य नव्हते, ते आमच्या व्यावसायिक खेळाडूंच्या पायांसाठी योग्य कसे होते, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता तर बरे झाले असते.

कृत्रिम हिरवळीचा फुटबॉलमधील इतिहास तसा जुना आहे. इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबने १९८१ मध्ये प्रथम ती अंथरली. नंतर ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनी तिचे अनुकरण केले. तिच्यावर चेंडू असा काही उसळे की, पाहुण्या संघाला तो आवरताना नाकी नऊ येत. घसरून चेंडू अडविणाऱ्या बचावपटूच्या आणि झेप घेणाऱ्या गोलरक्षकाच्या मांड्यांची सालटी निघत. घरच्या संघाला तिची सवय असल्याने त्याचे फावत असे. ही तक्रार इतकी वाढली की, १९८८ मध्ये नव्या कृत्रिम मैदानांना बंदी झाली आणि १९९४ मध्ये प्रेस्टनने शेवटची सतरंजी गुंडाळून ठेवली. नंतरच्या पिढीतील कृत्रिम गवत त्याहून पुष्कळ सुधारलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याची पाती लांब असतात, मध्ये वाळू आणि रबराचे बारीक दाणे भरलेले असतात. फुटबॉलच्या नियमांनी त्याला मान्यताही दिली आहे. अट एवढीच की, त्याचा रंग हिरवा असावा.

हानी नेमकी होते कशी? खेळाडू वेगाने धावता धावता एका पायावर भार देऊन गर्रकन वळतो, तेव्हा बुटाच्या तळाचे खिळे जमिनीत रुतलेले असतात. पीळ प्रमाणाबाहेर वाढला की खरे गवत मुळासकट उचकटते, मातीचे ढेकूळ सुटते आणि पाय मोकळा होतो. मैदानाला जखम होते, पण खेळाडू वाचतो. प्लास्टिकचे धागे आणि त्याखालचे कापड असे सुटत नाहीत. जमीन माघार घेत नाही म्हटल्यावर तो पीळ घोट्यात नाहीतर गुडघ्यात जातो. गुडघ्यातील अस्थिबंध तुटला की खेळाडूचे सहा ते नऊ महिने, कित्येकदा त्याहून अधिक, वाया जातात. ज्याची सारी कारकीर्दच दहा-बारा वर्षांची, त्याच्या दृष्टीने हा हिशेब लहान नव्हे. त्यात आपल्याकडे उन्हाची भर. भर दुपारी हे आच्छादन साठ अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते. खरे गवत बाष्पोत्सर्जनाने स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला घाम येत नाही.

तथापि वकिली एकतर्फी असू नये. युरोपातील अव्वल क्लबांच्या खेळाडूंचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कृत्रिम हिरवळीवर एकूण दुखापती अधिक झाल्याचे आढळले नाही. घोटा मुरगळण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले. याचा अर्थ असा की, कृत्रिम म्हणजे सरसकट घातक आणि नैसर्गिक म्हणजे सरसकट सुरक्षित, असे समीकरण मांडता येत नाही. अमेरिकेच्या महिला संघाचे २०१५ मधील उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. हवाई बेटांवरील सामन्याच्या आदल्या दिवसांत सरावाच्या मैदानावर मेगन रॅपिनो हिचा गुडघा जायबंदी झाला. ते मैदान गवताचेच होते, पण निगा नसलेले. ज्या स्टेडियममध्ये सामना व्हायचा होता तेथील कृत्रिम आच्छादनाचे जोड उसवलेले आणि त्यात खडे रुतलेले. खेळाडूंनी एकजुटीने खेळण्यास नकार दिला आणि ६ डिसेंबरचा तो सामना रद्द करावा लागला. वाईट गवत आणि वाईट प्लास्टिक, दोन्ही एकाच शहरात, एकाच आठवड्यात! प्रश्न जातीचा जितका आहे तितकाच निगेचा आहे.

त्याच वर्षी कॅनडात झालेली महिलांची विश्वचषक स्पर्धा संपूर्णपणे कृत्रिम हिरवळीवर खेळविली गेली. त्याविरुद्ध अनेक देशांच्या अग्रगण्य महिला खेळाडूंनी २०१४ मध्ये कॅनडातील मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. पुरुषांचा विश्वचषक कधी प्लास्टिकवर होत नाही, मग आमचाच का, हा त्यांचा सवाल होता. स्पर्धा तोंडावर आली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांना तक्रार मागे घ्यावी लागली. सवालाचे उत्तर मात्र त्यामुळे मिळाले नाही. पुरुषांच्या २०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतील सोळाही मैदानांवर फिफाने खरे गवत बंधनकारक केले. त्यांपैकी आठ ठिकाणी एरवी कृत्रिम आच्छादन असते. त्यासाठी टेनेसी आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांतील कृषिशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे प्रयोग करावे लागले. बंदिस्त छताखाली, सूर्यप्रकाशाविना गवत जगवायचे कसे, हा विषय तेथे संशोधनाचा ठरतो. आपल्याकडे कृषी विद्यापीठे काही कमी नाहीत. त्यांच्या दारी एखाद्या क्रीडा संघटनेने हा प्रश्न घेऊन जायला काय हरकत आहे?

युरोपचा कलही स्पष्ट आहे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून कृत्रिम मैदाने बंद केली. स्कॉटलंडच्या क्लबांनी २०२६-२७ पासून तसे करण्याचा ठराव २०२४ मध्ये केला. रबराचे जे दाणे या हिरवळीत भरतात, ते बहुतांशी जुन्या टायरांचे असतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर नदीनाल्यांत जातात. म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि पर्याय शोधण्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. तिकडे हद्दपार होणारा माल मग कोणत्या बाजारपेठा शोधील, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा!

भारताने या बाबतीत एकदा चांगलाच धडा घेतलेला आहे. १९२८ ते १९७२ या काळातील प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक आणणारा भारत १९७६ मध्ये माँट्रियलला सातव्या क्रमांकावर फेकला गेला. ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, ती तेथेच. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा हाच देश. पराभवाची कारणे इतरही होती, पण पायाखालचा पृष्ठभाग बदलला की खेळच बदलतो, हे आपल्याइतके कोणाला कळायला हवे होते? हॉकीत जगाने प्लास्टिक स्वीकारले आणि आपण मागे राहिलो. फुटबॉलमध्ये जग प्लास्टिककडून परत मातीकडे निघाले असता आपण पुन्हा उलट्या दिशेने चालू नये, एवढीच अपेक्षा आहे.

महाराष्ट्रात हे सर्वांत आधी कोल्हापूरला समजावे. कारण तेथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने उभे राहतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावेच पाहा. तालमीतल्या हौद्याची तांबडी माती पैलवान कशी सांभाळतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला मैदानाची निगा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे, रोज ती खणून मऊ करायची, खडा दिसला तर वेचायचा. पाठीवर पडणारा गडी जायबंदी होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. ही विद्या परदेशातून आयात करावी लागलेली नाही. तीच दृष्टी फुटबॉलच्या मैदानाला लावणे एवढेच बाकी आहे.

ईशान्य भारताचे प्रकरण निराळे. ऐझॉलसारख्या डोंगराळ शहरात सपाट जागा दुर्मीळ, पावसाळा प्रदीर्घ, आणि एकाच मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत मुले खेळणार. तेथे कृत्रिम हिरवळ नसती तर कदाचित फुटबॉलच वाढला नसता. ऐझॉल एफसीने २०१६-१७ ची आय-लीग जिंकून साऱ्या देशाला चकित केले, ते अशाच मैदानाच्या बळावर. तेव्हा जेथे रोज शेकडो मुलांना खेळवायचे आहे, तेथे चांगल्या प्रतीचे कृत्रिम मैदान अवश्य असावे. चिखलात किंवा मुरुमावर खेळण्यापेक्षा ते केव्हाही बरे. व्यावसायिक सामने मात्र गवतावरच व्हावेत. वीस-बावीस सामन्यांच्या हंगामासाठी उत्तम हिरवळ राखता येत नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

अर्थात गवत लावले म्हणजे काम संपले असेही नाही. लंडनचे नवे वेम्बली २००७ मध्ये अफाट खर्चाने उभे राहिले आणि पुढील तीन वर्षांत तेथील हिरवळ दहाच्या आसपास वेळा बदलावी लागली. उंच गॅलऱ्यांनी ऊन आणि वारा अडविला होता, शिवाय उत्पन्नासाठी तेथे संगीताचे जलसे भरत. २०१० च्या लीग चषक अंतिम सामन्यात मायकेल ओवेनचा मांडीमागचा स्नायू दुखावला, तेव्हा प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी उघडपणे मैदानाला दोष दिला. त्याच वर्षी तेथे खऱ्या गवतात कृत्रिम धागे खोलवर शिवून काढण्याची संमिश्र पद्धत स्वीकारण्यात आली. मुळे त्या धाग्यांना धरून राहतात आणि हिरवळ लवकर उखडत नाही. भारतातील निदान पाच-सहा प्रमुख क्रीडांगणांना हा खर्च परवडण्यासारखा आहे.

आपल्याकडील रोग तर वेम्बलीचाच, पण औषधाविना. एकच मैदान, त्यावर फुटबॉल, मेळावे, लग्नसमारंभ, नाचगाणी आणि संधी मिळताच क्रिकेट! २०१८ मध्ये कोचीच्या क्रीडांगणावर भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना घेण्याचे घाटत होते. विश्वचषकासाठी मोठ्या कष्टाने तयार केलेली फुटबॉलची हिरवळ मधोमध खणून तेथे खेळपट्टी करावी लागली असती. केरळच्या फुटबॉलरसिकांनी आवाज उठविला. विशेष म्हणजे सचिन तेंडुलकरनेही फुटबॉलच्या बाजूने कौल दिला. अखेर सामना तिरुवनंतपुरमला गेला. ज्याच्यावर क्रिकेटच्या बाजूने बोलल्याबद्दल कोणी रागावले नसते, त्याने हे करावे, यातच त्याचे मोठेपण आहे.

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय पालकांचाही या विषयाशी रोजचा संबंध आहे. गेल्या काही वर्षांत गच्च्यांवर, सोसायट्यांच्या कडेला, उड्डाणपुलांखाली तासाच्या भाड्याने मिळणारी ‘टर्फ’ उगवली आहेत. मुले पडद्यासमोरून उठून तेथे जातात, हे चांगलेच. परंतु कित्येक ठिकाणी काँक्रीटवर पातळ आच्छादन अंथरलेले असते आणि त्याखाली उशीसारखा थर नसतो. दाणे झिजून गेलेले, शिवण उसवलेली, तरी भाडे तेच. अशा जागी लांब खिळ्यांचे बूट घालून मुलाला पाठवू नये. बारीक रबरी गोळ्यांच्या तळाचे बूट घालावेत. खरचटल्यास जखम साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी. मे महिन्यातील दुपारची वेळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. ज्या प्रशिक्षण केंद्रात शुल्क भरायचे, तेथे मैदान केव्हा घातले आणि त्याखाली काय आहे, हे आधी विचारावे. प्रशिक्षकाच्या पदव्या विचारण्याइतकेच ते आवश्यक आहे.

आणि क्रीडा संघटनांनी? त्यांनी मैदानाच्या माळ्याला आधी माणसात आणावे. परदेशी क्लबांत हा माणूस तज्ज्ञ गणला जातो. आज किती पाणी, किती कापणी, सराव होऊ द्यायचा की नाही, हे तो ठरवितो आणि प्रशिक्षकालाही त्याचे ऐकावे लागते. आपल्याकडे तो कंत्राटी मजूर असतो आणि सामन्याच्या दिवशी व्हीआयपी गाड्या मैदानाच्या कडेने नेऊ नका, एवढे सांगण्याचाही अधिकार त्याला नसतो. क्लबांना परवाना देताना खेळाडूंच्या कराराचे आणि हिशेबाचे कागद तपासले जातात. त्याच अर्जात मैदानाचा निचरा, मातीची तपासणी आणि नेमलेल्या माळ्याचे नाव व वेतन हे तीन रकाने वाढविण्यास कायदा बदलावा लागणार नाही. पुढील हंगामाच्या अर्जांतच हे करता येण्यासारखे आहे.