आगोटीचा आहेर

भेटवस्तू या प्रकाराशी माझं फारसं कधी जमलं नाही. पण ज्यांचा महिना वीस तारखेलाच संपतो, अशा माणसांना आपण ज्या भेटी देतो त्याबद्दल मला सरळ खटलाच भरायचा आहे. आरोपी : तुम्ही-आम्ही सगळे मध्यमवर्गीय. गुन्हा : दिवाळीत घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवून वर प्रसन्न चेहऱ्याने 'आवडलं का?' असं विचारणे.

अहो, नाही आवडलं तर सांगते कोणाला बिचारी! आमच्या बांद्यातल्या एका बाईंनी मात्र सांगितलं. "वैनीनू, घड्याळ कित्याक? आमका कोंबो उठयता." कोंबड्याला सेल घालावे लागत नाहीत, हा या उत्तरातला अर्थशास्त्राचा भाग. आधीच ओढगस्तीच्या घरात आपण वस्तू देतो ती स्वतःचं पोट घेऊन जाते. घड्याळाला सेल, मिक्सरला वीज, शोपीसला कपाट. कपाट कुठून आणायचं?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे पुरावा दिल्याशिवाय राहवत नाही. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, 'मिळालेल्या वस्तूची तुमच्या लेखी किंमत किती?' ती देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. आणि ही खाऊनपिऊन सुखी पोरं. त्यांचा नको असलेला स्वेटर पेटीत पडून राहतो, एवढंच. ज्याला त्याच पैशांत पंधरा दिवसांचे तांदूळ आले असते, त्याचं नुकसान कोणत्या खात्यात टाकायचं?

पण माझी मुख्य तक्रार वस्तूपेक्षा तारखेबद्दल आहे. आमच्या भागात 'आगोट' नावाचं एक प्रकरण असतं. पाऊस लागण्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करायची. तांदूळ, मीठ, मिरच्या, सुके मासे, सरपण, छपरावर घालायला प्लास्टिकचा कागद. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ही हौस नव्हे. त्यात जूनमध्ये शाळा उघडते : वह्या, दप्तर, छत्री. आणि नेमक्या याच वेळी काजूचा हंगाम संपलेला, चिरेखाणी बंद, बांधकामं थंडावलेली. लावणीचे दिवस सोडले तर मजुरी नाही. म्हणजे नावेची बाजू तुडुंब आणि जमेच्या बाजूला आभाळ. आपली दानत मात्र जागी होते दिवाळीत, जेव्हा भात कापून घरात यायला लागलेलं असतं! बँकेत कर्जदाराला छत्री पाऊस संपल्यावर देतात म्हणून लोक आम्हांला हसतात. दिवाळीची भेट देणाऱ्यांनी तरी हसू नये.

म्हणून म्हणतो, मे महिन्याच्या अखेरीस द्या. आणि विचारून द्या. विचारल्यावर भेटीतली गंमत जाते, असं आमच्या एका सहकाऱ्याचं मत आहे. जाऊ दे की! आम्ही विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "कागद हाडा. पण निळो नको, तो लगेच फाटता. काळो, जाडो." हे ज्ञान मला कॉमर्सला कोणी दिलं नव्हतं.

रोख द्या म्हटलं की दुसरा आक्षेप तयार असतो. 'पैसे दारूत जातील!' गोवा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्याकडे हा आक्षेप जरा जोरात घेतला जातो. पण बोनस झाल्यावर पत्रादेवीच्या पलीकडे जाणाऱ्या मोटारींत कोण बसलेलं असतं, हे मला नावानिशी ठाऊक आहे. त्यांना कोणी 'पैशांऐवजी घड्याळ घ्या' म्हणत नाही. तरीही रोख द्यायला हात थरथरत असेल, तर वाण्याकडची उधारी भागवा, मुलाचं दप्तर भरून द्या. तेही त्या घराला विचारूनच.

आणि जुने कपडे ही भेट नव्हे, ती अडगळीची बदली आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग तमिळनाडूत रस्त्याकडेला पडून होते. शेवटी 'गूंज' या संस्थेला ते निवडत बसावं लागलं. २०१९ च्या ऑगस्टात आमची तेरेखोल बाजारपेठेत शिरली होती. घरात चिखल झालेल्या माणसाला फावडं, बादली आणि कोरडी चादर हवी असते. लग्नातला जरीचा ब्लाऊज नको असतो.

राहता राहिला लग्नाचा आहेर. तिथे तर वहीच असते. आज तुम्ही चारचौघांत डिनर सेट दिलात, की समोरच्या घराच्या नावावर एक डिनर सेट चढला. तुमच्या मुंजीला तो फेडावा लागणार, तोही दुकानात उधारी करून. याला आम्ही बँकेत कर्ज म्हणतो. फरक इतकाच की आम्ही आधी अर्ज भरून घेतो. तेव्हा तो काळा कागद तिन्हीसांजेला, शेजारीपाजारी पाहत नसताना पोचवा. वर रंगीत वेष्टन घालू नका. एक तर ते पावसात टिकत नाही, आणि दुकानदार त्याचे दहा रुपये वेगळे लावतो.