कूलरची मोटार बदलताना

भीमजयंती जवळ आली की धाराशिवकडे घरोघरी कूलर सुरू होतात. मोटार जळाली तर नवी घरच्या घरी बसवता येते. परंतु पत्रा, पाणी आणि २३० व्होल्ट वीज एकत्र आली की चूक जिवावर बेतते.

नुसते बटण बंद करू नका, पिन काढून ठेवा. टाकी कोरडी करा. कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. प्लास्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोके टेकवल्यावरच हात लावा. नवा कॅपॅसिटर मोटारीवर लिहिलेल्या आकड्याचाच घ्या.

वस्तीत फिरताना आम्हाला तिसरी, हिरवी तार तोडलेले कूलर दिसतात. दोन तारांवर मोटार फिरते खरी. पण पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेते ती हिरवी तारच. ती नसेल तर वीज पाणी भरणाऱ्या माउलीच्या अंगातून जाते. म्हणून ती पत्र्याला घट्ट कसा. बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा देशाच्या विजेचे कामही त्यांच्याकडे होते. ती वीज आपण जाणतेपणाने वापरू या. पाणी भरतानाही पिन काढाच.

जय भीम!