पोरं कॉलेजात टिकली पाहिजेत



बारावीचा निकाल लागला की वस्तीवर साखर वाटली जाते. जूनमध्ये पोरगं कॉलेजात नाव घालतं. दिवाळीला घरी येतं आणि परत जात नाही. विचारलं तर खाली मान घालून म्हणतं, "तिथं नाय जमत." घरचे समजतात, डोकं चाललं नाही. गावचे पुढारी म्हणतात, यांना शिक्षणाची आवडच नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. डोकं चांगलं होतं म्हणूनच ते बारावी पास झालं. ते मागं आलं कागदापायी, पोटापायी आणि एकटं पडलं म्हणून. या तिन्ही गोष्टी त्या अठरा वर्षांच्या पोराच्या एकट्याच्या आवाक्यातल्या नाहीत. गावाच्या आवाक्यातल्या आहेत.

यावेळी सुप्याकडचं बोलू. डोंगरपट्ट्यातल्या वाचकांना वाटेल, सुपं म्हणजे बारामती तालुक्यातला माळ, तिथं कसलं जंगल आणि कसले आदिवासी? तर जंगल आहे. गवताचं, बाभळीचं, चिंकारा हरणाचं. 1997 साली तिथं मयुरेश्वर अभयारण्य जाहीर झालं, पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. आणि बारामती, इंदापूरच्या माळांवर, गायरानांच्या कडेला पारध्यांची पालं आहेत. फासेपारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. पण जमात यादीत असणं वेगळं आणि पोराच्या हातात दाखला असणं वेगळं.

सुप्याचा आणि कागदाचा संबंध जुना आहे. 12 मे 1875 रोजी याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती खतं आणि वह्या. त्या हाती लागल्या तशा जाळल्या. का जाळल्या? त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि त्याच लिहिलेल्याच्या जोरावर कोर्टातून जमीन जात होती. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारला 1879 साली कायदा करावा लागला. रोखा सरकारी नोंदणीदारासमोर लिहिला जावा, असं त्यात आलं.

आज आपला कागद सावकाराच्या पेटीत नाही, सरकारी दप्तरात आहे. जाळून भागत नाही, मिळवावा लागतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबाचं शाळेच्या रजिस्टरात नाव आहे का? महसुली नोंद आहे का? आता पारध्याचा आजा शाळेत कुठून असणार? 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं त्याच कायद्याखाली पारध्यांचं नाव पोलिसांच्या रजिस्टरात चढलं. तो कायदा 1952 साली रद्द झाला. शाळेच्या रजिस्टरात नाव नसलेल्यांकडून शाळेचा पुरावा मागायचा, असा हा न्याय. दाखला मिळाला तरी इंजिनियरिंग, नर्सिंगसारख्या शिक्षणाला जात पडताळणी लागते. पडताळणीची फाइल अडकली की प्रवेशही अडकतो.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आपण जमिनीचे दावे घालतो, तेव्हाही आदिवासी असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे जमिनीची फाइल आणि पोराच्या कॉलेजची फाइल यांच्या मुळाशी एकच कागद आहे. फरक एवढाच की वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरतात, दुसऱ्या पुराव्याच्या जोडीनं. जमिनीसाठी आपण म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, वंशावळ लिहिली, जुन्या नोंदी शोधल्या. तेच कागद पोराच्या फाइलला का लावायचे नाहीत? ज्या गावात वनहक्क समिती आहे, तिच्या दप्तरात अर्धं काम झालेलं आहे.

आता पोटाचं. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, पण जागा कमी आणि मागणारे जास्त. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर येतात. ही योजना 2016 पासून आहे. पुणे जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यात घोडेगावला. सुप्याहून तिथं जाऊन यायचं म्हणजे एका माणसाचा दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. पैसे आले तरी उशिरा येतात, आणि खानावळवाला उधारीवर किती दिवस वाढणार? 2018 साली सरकारनं वसतिगृहातली खानावळ बंद करून खात्यावर पैसे द्यायचं ठरवलं. तेव्हा जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते. पोलिसांनी त्यांना वाटेत अडवलं. ती आपलीच पोरं. एकत्र आली की बोलतात, हे त्यांनी दाखवलं.

तिसरं एकटेपणाचं. आश्रमशाळेत घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. कॉलेजात घंटा नाही. तासाला बसला नाहीत तर कोणी विचारत नाही, परीक्षेच्या वेळी मात्र हजेरी काढतात. मास्तर इंग्रजीत बोलतो. पोरगं घरी पारधी बोली बोलतं, शाळेत मराठी शिकलं, आता ही तिसरी भाषा. शेवटच्या बाकावर बसतं, विचारायला लाजतं. खोलीत कुणाचा मोबाइल हरवला की पहिली नजर पारध्याच्या पोराकडं. असं दोनदा झालं की कुणाचंही मन उडेल. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीनं जीव दिला. तिच्या वरच्या वर्गातल्या तिघींनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. डॉक्टर झालेल्या मुलीवर ही पाळी येते, तर पहिल्या वर्षाच्या पोराचं काय? महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आली की कॉलेजनं चौकशी करायची असते. पोरांना हे घरातून निघतानाच सांगा. आणि सांगा की बोललास तर आम्ही तुझ्या मागं आहोत.

लोक म्हणतात, कॉलेजात "रुळायला" पाहिजे. रुळणं म्हणजे बोली सोडणं, आडनाव लपवणं, घरच्यांना गेटबाहेर उभं करणं नव्हे. मान वर करून तासाला बसता येणं आणि नडलं तर विचारता येणं, एवढंच रुळणं.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेत आणि वस्तीच्या बैठकीत चार गोष्टी ठरवाव्यात:

एक, दहावीतल्या प्रत्येक पोराची दाखल्याची फाइल आत्ताच सुरू करायची, बारावीच्या निकालाची वाट बघायची नाही. दोन, घोडेगावचं काम एकेकट्यानं करायचं नाही. चार-पाच घरांचे अर्ज एकत्र करून एकानं जायचं, त्याचं भाडं आणि मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. तीन, पहिल्या वर्षाच्या पोराला त्याच कॉलेजातलं आपलं मोठं पोरगं जोडून द्यायचं, मुलीला मुलगी. चार, लग्नाला, देवकार्याला, जातपंचायतीला पोराला आठ-आठ दिवस घरी बोलवायचं नाही. हे शेवटचं आपल्याला जड जाईल, पण हे पूर्णपणे आपल्याच हातात आहे.

दावा फेटाळल्याची नोटीस येते तेव्हा आपण ती घेऊन दुसऱ्याच्या दारात वाचायला जातो. ती वाचणारं, अपिलाची मुदत मोजणारं पोरगं आपल्या वस्तीत असलं पाहिजे. जमीन कसायला जसे हात लागतात, तसे ती राखायला हे डोळे लागतात. यंदा एकही पोरगं दिवाळीला कायमचं परत येऊ देऊ नका.

जिंदाबाद!