हेवर्ड फॉल्टवरचं घर आणि हप्त्याचा हिशेब

कॅलिफोर्नियातल्या फ्रेमॉन्टमध्ये घर घेताना सह्यांच्या कागदांचा गठ्ठा चांगला बोटभर जाड असतो. त्यात नैसर्गिक धोक्यांची माहिती देणारा एक कागद असतो. 1972 च्या अलक्विस्ट-प्रिओलो कायद्यानुसार कॅलिफोर्नियाने जिवंत फॉल्टलगतचे, म्हणजे जमिनीतल्या सरकत्या भेगांलगतचे, पट्टे नकाशावर आखले आहेत. घर अशा पट्ट्यात येत असेल तर विकणाऱ्याला ते लिहून द्यावं लागतं. आपण त्यावर सही करतो आणि पुढचं पान उलटतो. त्या दिवशी डोक्यात मुलांची शाळा असते, कर्जाचा दर असतो, देव्हारा कुठे ठेवायचा हा विचार असतो. जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न तेव्हा कुणालाच सुचत नाही.

जमिनीखाली हेवर्ड फॉल्ट आहे. तो शहराच्या मधोमध, लेक एलिझाबेथच्या परिसरातून जातो आणि वर्षाला सुमारे 5 मिलिमीटर सरकत असतो. त्यामुळे त्याच्या वाटेवरचे फुटपाथ आणि कडेचे दगड हळूहळू वाकडे होतात. बार्ट रेल्वेच्या स्टेशनजवळच्या तळ्याकाठी चर खणून शास्त्रज्ञांनी मातीच्या थरांमधल्या जुन्या भूकंपांच्या खुणा वाचल्या. शेवटच्या पाच मोठ्या भूकंपांमधलं सरासरी अंतर साधारण 140 वर्षांचं निघालं. त्यातला शेवटचा 21 ऑक्टोबर 1868 चा. मिशन सॅन होजेचं मातीच्या विटांचं चर्च त्यात कोसळलं होतं; आज तिथे दिसतं ते नंतर उभारलेलं आहे. 140 वर्षं म्हणजे घड्याळाचा गजर नव्हे, त्यात मागेपुढे पुष्कळ होऊ शकतं. तरीही अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने 2014 पासूनच्या 30 वर्षांत सॅन फ्रान्सिस्को बे एरियात 6.7 तीव्रतेचा किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता 72 टक्के मानली आहे, आणि एकट्या हेवर्ड-रॉजर्स क्रीक फॉल्टवर 33 टक्के.

आणि आपल्या नेहमीच्या घरविम्यात भूकंप नसतो. गेली कित्येक वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत हा विषय निघाला की निम्म्या लोकांना हे नवीन असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कर्ज देणारी बँक घरविम्याची सक्ती करते, पण भूकंपविम्याची सहसा करत नाही. त्यामुळे बँकेने मागितलं ते सगळं झालं, म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा समज होतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. भूकंपानंतर आग लागून घर जळालं तर ते नुकसान साध्या घरविम्यातच येतं, कॅलिफोर्नियाचा कायदा तसा आहे. 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भाग हादऱ्यांनी नव्हे, नंतरच्या आगीने गेला, हे लक्षात घेतलं तर ही तरतूद लहान नाही. म्हणजे वेगळा विमा घ्यायचा तो भिंती तडकण्याचा, घर पायावरून सरकण्याचा, धुराडं कोसळण्याचा.

तो घ्यावा का? न घेणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण त्यांचा हिशेब चुकीचा नसतो. इथे बहुतेक पॉलिसी कॅलिफोर्निया अर्थक्वेक अथॉरिटीच्या असतात. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात विमा कंपन्यांना इतके पैसे द्यावे लागले की त्यांनी घरविमा विकण्यातच हात आखडता घेतला. त्यातून 1996 मध्ये ही संस्था उभी राहिली. ती सार्वजनिक व्यवस्थापनाखाली आहे, पण तिच्यामागे सरकारी तिजोरी नाही. अगदी मोठ्या भूकंपात तिच्याकडचे पैसे कमी पडले, तर दावे प्रमाणात किंवा हप्त्याहप्त्याने दिले जाऊ शकतात. त्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण स्वतः सोसायची रक्कम, 5 पासून 25 टक्क्यांपर्यंत असते, आणि ती टक्केवारी नुकसानीवर नव्हे तर घराच्या विमा रकमेवर मोजतात. समजा, घर नव्याने बांधायला 8 लाख डॉलर लागतील आणि डिडक्टिबल 15 टक्के आहे. मग पहिले 1 लाख 20 हजार आपले. नुकसान 1 लाखाचं झालं तर हातात काहीच येत नाही. 3 लाखांचं झालं तर 1 लाख 80 हजार मिळतात. वर्षानुवर्षं हप्ते भरून मधल्या प्रतीच्या भूकंपात रिकाम्या हाताने उभं राहण्याची शक्यता खरी आहे.

आपल्या माणसाला ही गोष्ट विशेष खुपते. विमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वडिलांची एलआयसीची पॉलिसी येते, मुदत संपली की बोनससकट पैसे परत देणारी. परत न येणारा हप्ता आपल्याला बुडालेला वाटतो. भूकंपविम्याचं घराशी नातं तसं नाही. दारावर बसवलेल्या कुलपासारखं आहे. चोर आला नाही म्हणून कुलपाचे पैसे कुणी वाया गेले म्हणत नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा. फ्रेमॉन्टमध्ये घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असतो, आणि घर पडलं तरी जमीन राहते. म्हणूनच विमा बाजारभावाचा नव्हे, पुन्हा बांधकामाच्या खर्चाचा घ्यायचा. आता कर्जाचं. घर घेण्यासाठी काढलेल्या मूळ कर्जात बँकेला कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सहसा घरावरच समाधान मानावं लागतं, कर्जदाराच्या बाकीच्या बचतीवर हात घालता येत नाही. पुन्हा कर्ज बदलून घेतलेलं असेल तर हे संरक्षण तपासून पाहावं लागतं. यावरून काही जण म्हणतात, नुकतंच घर घेतलेल्याने विमा कशाला घ्यावा, वेळ आली तर चावी बँकेला द्यावी. हिशेबापुरतं हे खरं आहे. पण घर सोडणं म्हणजे शाळा सोडणं, पत खराब होणं, आणि ज्यांचा व्हिसा नोकरीवर टांगलेला आहे त्यांना तर एकाच वेळी दोन आघाड्यांवर उभं राहणं. पंधरा-वीस वर्षं कर्ज फेडून ज्यांची जवळजवळ सगळी कमाई त्या घरात साठली आहे त्यांच्यासाठी हा युक्तिवाद अगदी उलटा पडतो. त्यांच्याकडे गमावण्यासारखं सर्वांत जास्त आहे.

सरकार मदत करेल, ही आशा इथे धरता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने गावंच्या गावं नव्याने वसवली गेली, हे आपल्या पिढीने पाहिलं आहे. अमेरिकेत फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची घरासाठीची थेट मदत 2024 मध्ये जास्तीत जास्त 42 हजार 500 डॉलर होती. त्यापुढची मदत मुख्यतः कर्जाच्या रूपात मिळते, आणि ते फेडावं लागतं.

माझं मत असं आहे की पहिला डॉलर हप्त्यात नव्हे, घराच्या पायात घालावा. 1956 मध्ये पाच गावं मिळून फ्रेमॉन्ट शहर झालं, आणि त्या सुमाराची कितीतरी बैठी घरं आजही उभी आहेत. अशा जुन्या घरांत लाकडी सांगाडा काँक्रीटच्या पायाला नीट बोल्टने जोडलेला नसतो, आणि फरशीखालच्या बुटक्या भिंती मोकळ्या असतात. हादऱ्यात घर पायावरून घसरतं. बोल्ट आणि प्लायवूडने ते बांधून घेता येतं. 1980 पूर्वीच्या घरांसाठी राज्याची ‘अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट’ योजना निवडलेल्या भागांत 3 हजार डॉलरपर्यंत अनुदान देते. वॉटर हीटर पट्ट्यांनी भिंतीला बांधलेला आहे का, गॅसची वाहिनी कुठे बंद होते, पुस्तकांचं कपाट भिंतीला अडकवलं आहे का, हे बघायला विमा एजंट लागत नाही. मजबूत केलेल्या घराला हप्त्यात सवलतही मिळते.

पाया झाल्यावर, आणि हातात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तर, मी पॉलिसी घेण्याच्या बाजूने आहे. डिडक्टिबल मोठं ठेवावं, 15 ते 25 टक्के, आणि घराच्या पुनर्बांधणीची रक्कम मात्र खऱ्या खर्चाइतकी धरावी. चिनी मातीच्या भांड्यांचं वगैरे नुकसान भरून निघेल या आशेने हप्ता वाढवू नये. हा विमा नुसत्या धुराड्याच्या दुरुस्तीसाठी नाही. ज्या दिवशी घर राहण्यायोग्य उरणार नाही त्या दिवसासाठी आहे. म्हणूनच दुसरीकडे राहण्याच्या खर्चाचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: त्याला डिडक्टिबल लागत नाही. घर पडलेलं असताना त्याच गावात भाड्याने राहून मुलांची शाळा न मोडणं, आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांना निवारा देणं, हे त्या पैशांतून होतं. घर नुकतंच घेतलेलं, गंगाजळी आटलेली, असं तरुण जोडपं मात्र वर्षभर थांबून आधी पाया पक्का करून घेत असेल, तर त्यांना मी बेफिकीर म्हणणार नाही.

टाउनहाउस आणि काँडोवाल्यांनी जरा अधिक जागं राहायला हवं. इमारतीचा विमा एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, घेते, पण त्यात भूकंप असेलच असं नाही. नसेल तर दुरुस्तीचा खर्च सगळ्या सदनिकांवर वाटला जातो आणि प्रत्येकाच्या दारात हजारो डॉलरची मागणी येऊ शकते. वार्षिक सभेला जाऊन हा एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर नाही असं आलं तर आपल्या पॉलिसीत अशा वाटणीचं कलम जोडून घ्यावं.

कॅलिफोर्नियात घरविमा कंपनीला दर दोन वर्षांनी भूकंपविम्याचा प्रस्ताव पाठवावाच लागतो. पत्र साधं असतं, जाहिरातींच्या टपालात हरवतं, आणि 30 दिवसांत उत्तर गेलं नाही तर नकार धरला जातो. आमच्या घरी ते पत्र आलं की फ्रिजवर लावतो, आणि त्याच शनिवारी टॉर्च घेऊन फरशीखाली उतरून बोल्टवर गंज चढलाय का ते पाहतो.