एकटा जीव सदाशिव?

'एकटा जीव सदाशिव' असे आपण सहज म्हणून जातो. मागेपुढे कोणी नाही, त्याला कसली आली चिंता, असा त्याचा भाव. माणसांच्या बाबतीतही हे फारसे खरे नाही. पण आज ज्या प्राण्याविषयी लिहायचे आहे, त्याच्या बाबतीत तर ते साफ खोटे आहे. हा प्राणी म्हणजे गिनिपिग.

माझी धाकटी मावसबहीण सध्या महूला असते. तिचे यजमान लष्करात आहेत. इंदूरजवळचे हे छावणीचे गाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे झाला आणि २००३ मध्ये गावाला 'डॉ. आंबेडकर नगर' हे नाव मिळाले. शिवाय महूच्या इन्फन्ट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंग आपल्या बेळगावात आहे. त्यामुळे बेळगाव-महू ही बदलीची वाट आपल्याकडच्या काही घरांना चांगली ठाऊक आहे.

बहिणीच्या घरी दोन गिनिपिग होत्या, सख्ख्या बहिणी. भाचीने एकीचे नाव ठेवले गुंडी आणि दुसरीचे बटण. 'गुंडी' हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच, त्यामुळे दोन्हीकडच्या आज्या खूश! तीन वर्षे जोडी सुखात होती. गेल्या हिवाळ्यात बटणला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि चार दिवसांत ती गेली. त्यानंतर भाचीचा मला फोन आला. "दोड्डम्मा, गुंडी आता बोलतच नाही गं. मी आले तरी शिट्टी मारत नाही."

गिनिपिग पाळणाऱ्यांना ही शिट्टी माहीत असते. फ्रिजचे दार उघडले किंवा कोथिंबिरीची पिशवी वाजली की हा प्राणी 'वीक वीक' असा मोठ्याने ओरडतो. ही खास माणसांशी बोलायची तऱ्हा. आपापसांत मात्र त्यांचे बोलणे वेगळे असते. हळू कुरकुर, घशातली गुरगुर, दात वाजवून दिलेली ताकीद, धोक्याची बारीक किंकाळी, असे कितीतरी आवाज त्यांच्यात आहेत.

या बोलण्याचे मूळ त्यांच्या जन्मभूमीत आहे. नाव गिनिपिग असले तरी हा डुक्कर नव्हे आणि तो आफ्रिकेतल्या गिनीचाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला. पेरू, बोलिव्हिया भागातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो खाण्यासाठी पाळला. पुढे सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि नंतर प्रयोगशाळांत शिरला. त्यामुळेच आपल्या भाषेत 'आमचा गिनिपिग केला' हा वाक्प्रयोग आला. त्याचे रानातले भाऊबंद गवतात लहान लहान टोळ्यांनी राहतात. शिंगे नाहीत, झाडावर चढता येत नाही. एकाने किंकाळी दिली की बाकीचे पळतात, हेच त्यांचे संरक्षण. अशा प्राण्याला एकटे ठेवणे म्हणजे कायम पहाऱ्यावर उभे करणे. शेजारी दुसरा असला तरच तो निर्धास्त बसतो, निर्धास्त खातो.

जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठातील प्राध्यापक नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी केलेले संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी जागी एकट्या सोडलेल्या नराच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढते. जवळ त्याची नेहमीची जोडीदारीण असली तर ही वाढ खूपच कमी होते. अनोळखी मादी असली तर तसा फरक पडत नाही. म्हणजे नुसती संगत पुरत नाही, ती मुरलेली असावी लागते. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून कायदाच केला. गिनिपिग पाळायचे तर किमान दोन एकत्र ठेवले पाहिजेत.

आता पुन्हा महूकडे. गुंडी गप्प झाली, खाणे कमी झाले. बहिणीने पहिले काम चांगले केले. दुःखाचा अंदाज बांधत न बसता तिला पशुवैद्यांकडे नेले. महूत १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे त्या गावात पशुवैद्यांची वानवा नाही. हे महत्त्वाचे यासाठी, की गिनिपिगने दिवसभर काही खाल्ले नाही तर त्याच्या आतड्यांचे काम थांबते आणि जिवावर बेतते. घरात उरलेले माणसाचे किंवा कुत्र्याचे औषध तर कधीच देऊ नये. अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर या प्राण्याला मारक ठरू शकतात. गुंडीला आजार नव्हता. रोज वजन करा, वाळलेले गवत सतत समोर ठेवा आणि जमले तर जोडीदार बघा, असा सल्ला मिळाला.

सल्ल्यावरून घरात दोन तट पडले. मेहुणे म्हणाले, "वर्षभरात बदली होईल. आणखी एक आणला की पुढे त्यातला एक उरणार, मग पुन्हा एक आणा. याला अंत काय?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो आणि दोघे एकदम जात नाहीत. शेजारच्या वहिनींनी ससा ठेवण्याचे सुचवले. पण सशाचे बोलणे वेगळे, त्याची लाथ जोराची, आणि त्याच्याकडून गिनिपिगला फुफ्फुसाचा आजार लागू शकतो. कोणी आरसा सुचवला. आरशातल्या सोबतीला ना वास ना ऊब.

सगळ्यांत मोठा विरोध मात्र भाचीचा होता. "नवी आणायची म्हणजे बटणला विसरायचं का? मी शाळेतून आल्यावर बसते ना तिच्याजवळ!" ती खरोखर बसायचीही. अभ्यासाची वही घेऊन रोज दोन तास पिंजऱ्याशी. गुंडी तिच्या हातून ढोबळी मिरची खायची आणि पुन्हा कोपऱ्यात जायची.

बहिणीने तिला समजावले नाही, फक्त एक प्रश्न विचारला. "महूला आलो तेव्हा शाळेत सगळे तुझ्याशी चांगले वागत होते. तरी तू घरी येऊन रडायचीस. का गं?" भाचीच्या घरात वडिलांशी कन्नड, आईशी मराठी, शाळेत आणि गल्लीत सगळी हिंदी. ती जरा वेळाने म्हणाली, "धारवाडची ती मुलगी वर्गात आल्यावर बरं वाटलं. पण बाकीच्यांचा राग नव्हता गं मला." त्या रात्री ती आपणहून म्हणाली, "बघू या मग."

छावणीतल्याच एका बदली झालेल्या कुटुंबाकडे एक मादी होती, तीही एकटी उरलेली. ती गुंडीकडे आली, त्यामुळे दुकानातून पिल्लू आणावे लागले नाही. पहिले दोन आठवडे तिला वेगळ्या खोलीत ठेवले, कारण नव्या प्राण्याबरोबर उवा, बुरशी किंवा सर्दी येऊ शकते. मग दोघींना एकीच्याही मालकीची नाही अशा मोकळ्या जागी गवताच्या ढिगावर सोडले. दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या, दोन तोंडांची लपायची खोकी. पहिल्या दिवशी दात वाजले, पाठलाग झाला. रक्त निघेपर्यंत भांडण झाले असते तर वेगळे करावे लागले असते. तसे झाले नाही. तीन आठवड्यांनी दोघी एकाच ढिगातले गवत खाऊ लागल्या. फार गळ्यात गळा नाही, पण एक उठली की दुसरी मागे जाते. गुंडीचे वजन पूर्ववत झाले आणि शिट्टीही परत आली. बटणचा फोटो भाचीने पिंजऱ्यावरच्या भिंतीला लावला आहे.

जोडी जमवताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. नर आणि मादी न तपासता एकत्र ठेवू नयेत. साधारण दोन ते सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतात आणि व्यालेली मादी काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. सात-आठ महिने उलटलेल्या मादीचे पहिलेच बाळंतपण जिवावर बेतू शकते. दोन माद्या, किंवा शस्त्रक्रिया केलेला नर आणि मादी, ही सोयीची जोडी. दोन नरही जमतात, पण जागा ऐसपैस हवी आणि जवळपास मादी नको.

आणि मेहुण्यांच्या प्रश्नाचे काय? त्यालाही उत्तर आहे. साखळी थांबवायची असेल तर शेवटी उरलेला प्राणी जिथे आधीच गिनिपिग आहेत अशा घरी द्यावा. मुलांना हे जड जाते, पण तेही प्रेमच आहे.

कन्नडात 'ओंटी' म्हणजे एकटा आणि एकाकीही. मराठीत आपण हे दोन शब्द वेगळे ठेवले, म्हणून आपली थोडी फसगत होते. घर माणसांनी भरलेले असले, लेकरू दिवसभर कुरवाळत असले, तरी पिंजऱ्यातला तो जीव ओंटीच असू शकतो. सुट्टी लागली की मुले हट्ट धरतील, "एकच आणू या, छोटासा!" त्या वेळी दोघांचा खर्च, दोघांची जागा आणि पाच-सात वर्षांचा हिशेब मांडून बघावा. जमत असेल तर दोन आणावेत, नसेल तर एकही आणू नये.