फुकटचं भाषांतर आणि मावशीची नोटीस

मागल्या महिन्यात राजूरच्या आमच्या वस्तीत एक कागद आला. इंग्रजी कागद. आपल्याकडं इंग्रजी कागद म्हणजे धसकाच. मावशीनं तो पदराआड धरून आणला आणि म्हणाली, "बाबा, काय लिव्हलंय रं यात? तुज्या त्या फोनला इचार."

मावशीच्या पोराला गेल्या वर्षी मारहाण झाली होती. फिर्याद तिनंच दिली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. सरकारी मदतीचा पहिला हप्ता मिळाला, तो पोराच्या पायाच्या ऑपरेशनात गेला.

मी कागदाचा फोटो काढला. फोनमधल्या एका फुकटच्या भाषांतर यंत्राला दिला. पाच सेकंदांत मराठी हजर. वर लिहिलेलं, मावशी 'प्रतिवादी क्रमांक २'. खाली 'परत करण्यायोग्य' आणि पुढं तारीख.

मावशी मटकन खाली बसली. "म्हंजी मीच गुन्हेगार? आन् पैसं परत करायचं? ते तर पायात गेलं. आता कुठून आणू?"

मलाही तसंच वाटलं. शिकलेला मी, पण दोन दिवस पैसे कुठून उभे करायचे याचा हिशोब करत बसलो. तिसऱ्या दिवशी एका वकिलानं दोन मिनिटांत उलगडून सांगितलं. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला म्हणून आरोपी वर अपिलात गेलेत. अपील त्यांचं, म्हणून समोरच्या बाजूला सरकार पहिलं आणि फिर्यादी दुसरी. 'प्रतिवादी'चा अर्थ एवढाच. आणि 'रिटर्नेबल' म्हणजे पैसे परत करणं नव्हे. त्या तारखेला प्रकरण कोर्टापुढं येणार, बस्स.

म्हणजे ज्या कागदानं मावशीला भ्याव घातलं, तो तिच्या हक्काचा कागद होता! ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्यातलं १५-अ कलम २०१६ पासून लागू आहे. जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला कळवलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं ते कलम सांगतं. लढून मिळवलेला हक्क, आणि एका शब्दापायी आम्ही घरी बसलो असतो. आरोपींना दुसरं काय पायजे होतं?

दोस्तांनो, मी यंत्राला शिव्या घालायला बसलेलो नाही. गुगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली. केंद्र सरकारनं २०२२ साली 'भाषिणी' सुरू केलं. औषधाच्या बाटलीवरचं, नोकरीच्या जाहिरातीतलं आज अकोल्याला खेटा न घालता कळतं. पूर्वी कागद वाचून घ्यायला कुणाच्या तरी ओट्याखाली उभं राहावं लागे. वाचणारा निम्मं सांगे, निम्मं पोटात ठेवी. ते उभं राहणं सुटलं, ही लहान गोष्ट नाही.

पण यंत्र शिकलं कशावर? लिहिलेल्या मजकुरावर. आपली बोली लिहून ठेवली कुणी? आदिवासींच्या भाषांसाठी केंद्रानं २०२५ साली 'आदिवाणी' आणलं. संताळी, भिली, मुंडारी, गोंडीपासून सुरुवात केली. आमच्या डोंगरातली ठाकरी त्या पहिल्या चौघींत नव्हती. यंत्राला शब्द येतो. तो कुणाच्या दारात जाऊन पडणार, हे त्याला ठाऊक नसतं.

आणि फुकटचं यंत्र आलं म्हणून साहेब लोकांची जबाबदारी संपत नाही. माहितीचा अधिकार २००५ चा, त्याचं चौथं कलम म्हणतं, माहिती लोकांपर्यंत नेताना स्थानिक भाषेचा विचार करा. हायकोर्टाची भाषा इंग्रजी, हे संविधानाच्या ३४८ कलमात आहे, मान्य. पण सोबत मराठीचं एक पान जोडायला कुठलं कलम आडवं येतं? सुप्रीम कोर्ट २०१९ पासून 'सुवास' नावाच्या यंत्रानं निकालांची भाषांतरं करतं, आणि यंत्राचं काम तिथं माणूस तपासतो. मोठ्या निकालाला तपासलेली मराठी. मावशीच्या नोटिशीला का नाही? ही मागणी आपण सोडायची नाही.

तोवर यंत्र वापरायचं, पण आंधळ्यासारखं नाही. फोटो काढण्याआधी नाव, जात, पत्ता झाकायचा. फुकटच्या यंत्राकडं गेलेला कागद कुठं राहतो, ते आपल्या हातात नसतं. तारीख आणि आकडा मूळ कागदावरूनच घ्यायचा. एकट्यानं वाचायचं नाही, चौघांत मोठ्यानं वाचायचं. कोर्टाचा, दवाखान्याचा, जमिनीचा कागद जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय हलायचं नाही. अनुसूचित जाती-जमातींना आणि बायांना वकील मोफत मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं. फोन १५१००. हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मावशी तारखेला गेली. मोफतचा वकील तिच्या बाजूनं उभा राहिला. आम्ही वस्तीत एक वही घातलीय. यंत्र जिथं फसलं तो शब्द आणि त्याचा खरा अर्थ त्यात लिहितो. पहिल्या पानावर 'रिटर्नेबल' आहे. तुमच्या वस्तीतली वही तुम्ही उघडा. पुढल्या वेळी इंग्रजी कागद आला, तर कुठलीच मावशी खाली बसता कामा नये.